उत्तमराव बसत नाहीत

उत्तमराव बसत नाहीत. खुर्ची द्या, पाट द्या, सतरंजी अंथरा, ते उभेच. जेवतातसुद्धा उभ्यानं. ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात, एक घास घेतात, चार पावलं मागं जातात, इकडं तिकडं बघतात आणि दुसऱ्या घासाला परत येतात. त्यांची बायको सुमन म्हणते, "माझ्या स्वयंपाकाला नवरा नुसता भेट देऊन जातो." कुणी कारण विचारलं तर उत्तमरावांचं उत्तर ठरलेलं आहे. "रेफ्री बसला की मॅच संपली."

गंगाखेडला त्यांचं आणि माझं घर शेजारी शेजारी आहे. मधे कमरेएवढी भिंत. ते एका शाळेत खेळाचे मास्तर होते आणि फुटबॉलचे पंच. आमच्याकडे पोरं क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात. फुटबॉल म्हणजे शाळेच्या कपाटावर पडलेला, बाभळीच्या काट्यानं फुटलेला एक चेंडू. तरी हा माणूस परभणीला जाऊन परीक्षा देऊन आला आणि पंच झाला. खेळणारे नव्हते तिथं खेळवणारा तयार झाला. वर्षातून दोन-तीन मॅचेस मिळायच्या, तेवढ्यावर त्यांनी सगळा जन्म काढला. नोकरी संपली तेव्हा शाळेनं शाल-नारळ दिला. शिट्टी परत मागायची राहिली. ती आता काळ्या दोऱ्यात गळ्यात असते. खिशात दोन कार्डं. पिवळं कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतून कापलेलं, लाल मिठाईच्या खोक्याचं.

मी चौथी शिकलेली बाई. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. आता सगळं कळतं, कारण ऐकून घेतल्याशिवाय हा माणूस भिंतीपासून हलत नाही.

त्यांचं म्हणणं असं. खेळताना दोन बाजूंची माणसं आपसांत भिडली की पंचाला दोन कामं असतात. एक, कुणाला काय शिक्षा द्यायची. दोन, खेळ पुन्हा कुठून आणि कुणी सुरू करायचा. लोकांना पहिलंच काम दिसतं. "कार्ड येगळं अन् सुरुवात येगळी, आक्का," ते बोट नाचवत सांगतात. "भांडण थांबवणारे गल्लोगल्ली हायती. थांबलेला खेळ चालू करून देणारा दाखवा मला एक." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवतात.

हे सगळं मैदानावर राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण मैदान मिळेना म्हणून त्यांनी गल्ली धरली.

आमच्याकडे नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, येईल तेव्हा. एकदा समोरच्या कौसल्येची घागर नळाखाली होती. रुक्मिणीनं ती पायानं सरकवली. कौसल्येनं तिच्या माहेरचा उद्धार केला. रुक्मिणीनं सासरचा केला. एवढ्यात शिट्टी वाजली. लुंगी-बनियनवर उत्तमराव हजर. आधी दोघींना पिवळं कार्ड दाखवलं. कौसल्येनं ते हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "कुणाचं लग्न हाय, मास्तर?"

"गप ऱ्हावा! पहिला फाऊल कुणाचा? घागर सरकवली तो पहिला. शिव्या नंतरच्या. शिव्यांचं कार्ड मिळालं, पण सुरुवात पहिल्या फाऊलवर. कौसल्याबाई, घागर होती तिथंच ठिवा. बाकीच्या नऊ मीटर मागं!"

आणि त्यांनी नऊ पावलं मोजली. आम्ही सगळ्या बाया हंडे-कळशा घेऊन नऊ पावलं मागं गेलो, थेट गटारापाशी. का गेलो ते आजही सांगता येत नाही. शिट्टी वाजली की शाळा आठवते, माणूस ऐकतो. आम्ही पोचेपर्यंत नळ गेला. रुक्मिणी ओरडली, "आता ह्या शिट्टीतून पाणी काढा!" उत्तमरावांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, "वेळ संपला, त्याला पंच काय करणार?" आणि उलट्या पावली घरी गेले. ते बऱ्याचदा उलटेच चालतात. खेळाकडे पाठ करायची नसते म्हणे.

सेलूला आमच्या नात्यात लग्न होतं, तिथं तर कमाल झाली. नवरीच्या मामाला फेटा बांधायचा राहून गेला. मामा रुसला. नवऱ्याचा मेहुणा म्हणाला, "डोकं असतं तर फेटा बांधला असता." मामानं त्याची कॉलर धरली, त्यानं मामाला ढकललं, मामा अक्षतांच्या ताटात बसला. आता लग्न होतंय का मोडतंय, अशी वेळ. भटजीसुद्धा अंतरपाटाची घडी करायला लागले. तेवढ्यात शिट्टी. उत्तमरावांनी मेहुण्याला लाल कार्ड दाखवलं, मामाला पिवळं, आणि हात वर करून ओरडले, "चेंडू खेळात न्हाई!"

मांडवात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. चेंडू बाहेर गेलेला असताना माणसं भिडली, तर शिक्षा होते पण सुरुवात बदलत नाही. जी होणार होती तीच होते. उत्तमराव भटजींना तेच समजावत होते, "अंतरपाट धरलेला व्हता का? न्हवता. म्हंजे चेंडू बाहेरच हाय. भांडणानं काही बदलत न्हाई. घडी उलगडा, करा मंगलाष्टक सुरू!" भटजींनी सुरू केलं. मेहुणा मुकाट्यानं मांडवाबाहेर गेला, कारण त्याला वाटलं हा साध्या कपड्यातला पोलीस आहे. त्याचं जेवण शेजारच्या घरी पोचवलं. लग्न चांगलं लागलं, दोन लेकरं आहेत.

मलाही त्यांनी कार्ड दाखवलंय. माझ्या मेथीच्या वाफ्यात कुणाची तरी शेळी शिरली, मी शेळीला सोडून शेळीवालीला बोलले, तेव्हा पहिलं पिवळं. त्या कार्डाला मी जे बोलले त्याबद्दल दुसरं. "दोन पिवळी म्हंजे लाल, आक्का. तुमी बाहेर."

"हे माझं अंगण हाय, उत्तमराव. बाहेर तुमीच जा."

विचार केला त्यांनी. "बरोबर हाय," म्हणाले आणि गेले.

माणूस असा. हसायला बरा, शेजारी म्हणून जरा जास्तच. पण मार्गशीर्ष लागला की त्यांचं बिनसतं, हे मी नऊ वर्षं बघत आले. एरवी चार पावलं मागं-पुढं करणारा माणूस दिवसभर अंगणात येरझारा घालतो. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून एसटी स्टँडवर जातो. त्यांच्या गावाकडची गाडी लागते. तिच्या दारापर्यंत जातात, कंडक्टर म्हणतो, "चला मास्तर, वर या." हे म्हणतात, "तुमी व्हा पुढं." गाडी जाते. हे परत येतात आणि माझ्या भिंतीवर बाटल्यांची बुचणं मांडतात. लाल आणि निळी.

"आक्का, एक केस सांगतो. लाल नंबर चार अन् निळा नंबर सहा. दोघं चेंडूवर. लाल चारनं आधी हात उचलला, मग निळ्या सहानं उचलला. दोघांना लाल कार्ड. सुरुवात कुणाची?"

"निळ्याची. पहिला फाऊल लालचा."

"बरोबर! निळ्याचीच!" असं म्हणून ते दोन वेळा भिंतीची लांबी चालतात. "पण लाल मानत न्हाई ना, आक्का. लाल म्हणतो, मी न्हाईच मारलं पहिलं."

"मग पडू द्या त्याला तसंच."

हे ऐकून त्यांचं तोंड असं व्हायचं, जसा मी त्यांचा चेंडू विहिरीत टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच केस, तीच बुचणं. आठ वर्षं मी निळ्याला सुरुवात देत होते. अमावास्या झाली की बुचणं डब्यात जायची आणि माणूस नीट व्हायचा.

ह्या वर्षी केस बदलली.

"लाल चार अन् निळा सहा," ते म्हणाले. दोन्ही बुचणं भिंतीवर एकमेकाला चिकटवून ठेवली. "दोघांनी एकदमच हात उचलला. एकाच वक्ताला."

"कामून? आठ वर्षं तर लाल आधी उचलत व्हता."

"मी पुन्हा आठवून बघितलं."

"मॅच कुठली हाय ही?"

"जुनी." पुन्हा येरझार. "एकदम असलं अन् सारखंच असलं, तर कुणालाच फ्री किक न्हाई. पंच चेंडू टाकतो. पूर्वी दोघं समोरासमोर उभे राहून त्याच्यावर तुटून पडायचे. आता नियम बदललाय. ज्यानं चेंडूला शेवटचा हात लावला, त्याच्याच पुढं टाकायचा. बाकीच्यांनी चार मीटर लांब उभं राहायचं. चेंडू जमिनीला लागला, की खेळ सुरू."

"अन् शेवटचा हात कुणाचा व्हता?"

"लाल चारचा."

मला काहीतरी खटकलं. चेंडूला हात? फुटबॉलमधे हात लावायचा नसतो, एवढं तर मी शिकले होते. मी विचारलं, "उत्तमराव, ह्या मॅचला चेंडू कशाचा व्हता?"

"मातीचा," ते म्हणाले. आणि एकदम थांबले. मग बुचणं गोळा न करताच घरात गेले.

मी भिंतीवरून सुमनला हाक मारली. ती पीठ मळत होती, तसाच हात घेऊन आली. तिच्याकडून मला नऊ वर्षांचं कोडं कळलं, आणि ते एवढंसं होतं.

आमच्या भागात येळवस करतात. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं घर शेतात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी करायची, पूजा करायची, भाज्या-कडधान्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, आणि आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन शेताला फेरी मारायची. एकानं मडकं घ्यायचं, दुसऱ्यानं त्यातली आंबील पिकावर शिंपडत मागं चालायचं. उत्तमरावांच्या घरात मडकं वडलांच्या डोक्यावर असायचं. शेवटची दोन वर्षं वडलांना झेपेना. थोरला मुलगा दादा गुडघ्यानं अधू, म्हणून त्यांनी मडकं उत्तमरावांना दिलं. वडील गेले. त्यानंतरच्या येळवसीला दादा म्हणाला, थोरला मी आहे, मडकं माझं. हे म्हणाले, आबांनी माझ्याकडे दिलंय. दोघांनी ओढलं. मडकं दादाच्या हातात गेलं आणि फुटलं. आंबील दोघांच्या अंगावर. पाहुणे हसले. दोघांनी एकमेकांच्या मुस्काटात दिली, आणि "तू मला मेलास, मी तुला मेलो" असं म्हणून दोन दिशांना गेले.

"नऊ वरीस झाले, आक्का," सुमन म्हणाली. "जाऊबाई अन् मी फोनवर बोलतो. हे दोघं न्हाई. अन् आता भावजी ही ज्वारी निघाली की सगळ्या रानात ऊस लावायलेत. मग खोप कुठं करायची अन् फेरी कुठं मारायची? ह्यांना परवा कळलं, तवापासून झोप न्हाई."

तेव्हा मला त्या येरझारांचा अर्थ लागला. खेळ जिथं थांबला तिथूनच सुरू करायचा असतो. ती जागाच जाणार होती.

मी भिंतीवरूनच हाक मारली, "उत्तमराव, बाहेर या. तुमी पंच हाव ना? मग टाका चेंडू."

ते दारात उभे राहिले. "मी निळा सहा हाय, आक्का. खेळणाऱ्याला शिट्टी मारता येत न्हाई." शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळला. "तिसरं माणूस लागतंय."

गल्लीत कार्ड मिळालेली माणसं वगळली तर तिसरं कुणी उरत नव्हतं. मला दोन पिवळी होती, पण ती त्यांनी तिथल्या तिथं माफ केली.

येळवसीच्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं गेलो. माझ्या मांडीवर नवं मडकं, त्यात सुमनच्या हातची आंबील. खड्डा आला की उत्तमराव वरून सांगायचे, "धरा, आक्का, धरा!" गाडीत जागा होती, ते उभे होते. सगळ्या वाटेनं मला नियम सांगत होते. चेंडू टाकताना कुणाकडे बघायचं नाही. जमिनीला लागेपर्यंत कुणी हात लावला तर पुन्हा टाकायचा. "पण टाकू नका, आक्का," ते मधेच घाबरून म्हणाले. "ठिवा. हळूच ठिवा. पुन्हा फुटलं तर माझ्याकडं नियम न्हाई."

गाडीतून उतरताना त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली.

शेत रस्त्यालगतच होतं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. मधे खोप, खोपीसमोर एक जाडजूड म्हातारा गुडघा लांब करून बसलेला. जाऊबाईंनी सुमनला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. दादा मात्र नुसता बघत राहिला. उत्तमरावांनी त्याच्याकडे न बघता मडकं फुटलं होतं ती जागा शोधली, बोराच्या झुडपापासून सहा पावलं, दादाच्या पुढ्यातच. "हितं," म्हणाले. मग मागं सरत चार मीटर मोजले आणि हात मागं बांधून उभे राहिले.

मी मडकं नेऊन दादाच्या पुढं ठेवलं. आणि शिट्टी फुंकली. जन्मात पहिल्यांदा फुंकली, तिच्यातून आवाज कमी आणि वारा जास्त आला. शेजारच्या रानातली माणसं बांधावर येऊन बघायला लागली.

"हे काय चाललंय?" दादानं विचारलं. "अन् तुमी कोण, बाई?"

"मी रेफ्री हाय. खेळ सुरू झालाय. मडकं तुमचं. उचला."

दादानं मडक्याकडे बघितलं. लांब उभ्या भावाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी मडक्याचा गळा धरला, उठायला गेला आणि गुडघा धरून तसाच खाली बसला. पुन्हा प्रयत्न केला. मग त्याचा आवाज चढला.

"उत्तम्या, तिकडं खांबावानी कामून उभा हायस? हिकडं ये की, डोक्यावर दे माझ्या!"

उत्तमराव हलले नाहीत. मलाच विचारलं, "आक्का, चेंडू जमिनीला लागला का?"

"कवाच लागलाय!"

तेव्हा ते पळाले. एवढ्या वर्षांत त्यांना सरळ, पुढच्या पुढं पळताना मी तेव्हाच बघितलं. एका हातानं भावाला उठवलं, मडकं त्याच्या डोक्यावर दिलं आणि त्यातली आंबील वाटीत घेऊन मागं चालायला लागले. दादा एक पाय ओढत चालत होता. फेरीला फार वेळ लागला. उत्तमराव एकदाही त्याच्या पुढं गेले नाहीत.

जेवणं झाली. उत्तमराव उभ्यानंच जेवले, भावाभोवती फिरत. दोघं बोलले ते सगळं ज्वारीबद्दल आणि भज्जीत मीठ कमी आहे त्याबद्दल. निघताना दादानं मला बाजूला बोलावलं. माझ्या पिशवीत उंडे घालता घालता खालच्या आवाजात म्हणाला, "पहिला हात माझाच उठला व्हता, बाई. त्याला सांगू नका."

मला गुपित ठेवता येत नाही. ज्याला हे माहीत नाही त्यानं मला गुपित सांगू नये.

परतीच्या गाडीत सुमन खिडकीशी झोपली. उत्तमराव दांडा धरून उभे. मी सांगून टाकलं, "तुमचा भाऊ म्हणाला, पहिला हात त्याचाच व्हता."

"म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"मी दोन हातावर व्हतो, आक्का. मला दिसलं न्हाई व्हय?"

"मग मला कामून सांगितलं, दोघांनी एकदम उचलला म्हणून?"

त्यांनी बाहेर बघितलं. ऊस सुरू झाला होता, दोन्ही बाजूंनी.

"पहिला फाऊल दादाचा धरला की सुरुवात माझी. मडकं माझ्या हातात, अन् त्यानं लांब जाऊन उभं ऱ्हायचं." दांड्यावरचा हात त्यांनी बदलला. "त्याच्या त्या गुडघ्यानं मागं सरायचं म्हंजे... लय वेळ खाल्ला असता त्यानं."

 त्यांनी माझ्या शेजारची सीट रुमालानं झटकली आणि तिच्यावर बसले. गंगाखेड येईपर्यंत उठले नाहीत. शिट्टी माझ्या कनवटीला होती. त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही.